चार रविवारांचा नाताळ

३० नोव्हेंबर, रविवार. अनारशांसाठी तांदूळ भिजत घालायचे होते. दीड किलो परमल मी सकाळी चर्चला जायच्या आधीच निवडून ठेवला होता. गुरुग्रामला येऊन आम्हाला सतरा वर्षं झाली. इथल्या तांदळांपैकी परमलचे अनारसे बरे होतात, हे शोधण्यात त्यातली पहिली चार गेली. एकदा बासमतीचे केले होते. त्याबद्दल न बोललेलं बरं.

आमच्याकडे नाताळ चार रविवार चालतो. त्यामागे फार मोठी श्रद्धा वगैरे काही नाही. माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि तिला आठवड्यातून एकच सुट्टी असायची, रविवारची. चर्चहून आल्यावर दुपारी जेवढं होईल तेवढं ती करायची, उरलेलं पुढच्या रविवारी. पहिल्या रविवारी तांदूळ भिजायचे आणि माळ्यावरची चांदणी खाली यायची. दुसऱ्या रविवारी शंकरपाळे. तिसऱ्या रविवारी करंज्या आणि गव्हाणीचा देखावा. चौथ्या रविवारी अनारसे तळायचे. मधल्या दिवसांत दोन दिवस तांदळाचं पाणी बदलायचं आणि बुधवारी ते उपसून, वाळवून दळायचे, एवढंच. रविवारी राहिलेलं काम सोमवारी करायचं नाही, कारण सोमवारी तिची ड्युटी. आई जाऊन नऊ वर्षं झाली. मला शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुट्टी असते. तरी वेळापत्रक तेच आहे.

नवऱ्याच्या घरी नाताळ चोवीस तारखेच्या संध्याकाळी सुरू व्हायचा आणि पंचवीस तारखेच्या जेवणाला संपायचा. "तुमच्याकडे नाताळ म्हणजे पंचवार्षिक योजना आहे," असं तो लग्नानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात म्हणाला होता. आता तो पहिल्या रविवारी न सांगता स्टूल घेऊन माळ्यावरून चांदणी काढतो, तिची वायर तपासतो आणि नवव्या मजल्याच्या बाल्कनीत टांगतो. आमच्या सोसायटीचा नाताळ क्लबहाउसमध्ये होतो. भाड्याचा सांता, डीजे, मुलांना चॉकलेटं, दीड तासात सगळं आटपतं. आम्ही जातो. वाईट नसतं.

त्या रविवारी भाची आली, ती हातात एक जाडजूड पायपुसणं घेऊन. भाची म्हणजे माझ्या मोठ्या भावाची एकुलती एक मुलगी, वय सव्वीस. चार वर्षांपूर्वी ती स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी दिल्लीला आली. राजेंद्रनगरच्या एका खोलीत राहायची आणि पहिल्या रविवारी न चुकता तांदूळ धुवायला यायची. पूर्वपरीक्षेत तीनदा अडकली. तिसऱ्यांदा अडकली तेव्हा दादा म्हणाला, आणखी एकदा दे. ती हो म्हणाली. एवढं मला माहीत होतं.

"तुझ्या बाथरूमसाठी आणलंय," ती म्हणाली.

मी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. माल हातात आला की तो उलटून बघायची मला सवय आहे. पायपुसणं परदेशी दुकानासाठी बनवलेलं होतं. लेबल कात्रीने कापलेलं, एका कोपऱ्यात शिवण सुटलेली. म्हणजे नापास झालेला नग. आणि भाचीच्या स्वेटरवर, केसांत, अगदी भुवयांतही निळे-पांढरे बारीक तंतू चिकटलेले होते.

"कुठून आणलंस?"

"मिळालं."

"मिळालं म्हणजे? रस्त्यात पडलं होतं?"

"आत्या, तांदूळ किती वेळा धुवायचे?"

"दरवर्षी धुतेस तेवढ्या. तीनदा. कुठून आणलंस?"

तिने चार वेळा धुतले. पातेल्यात पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि झाकणाकडे बघत म्हणाली, "पानिपतहून. मी तिथे नोकरी करते. जुलैपासून."

एका निर्यातीच्या कारखान्यात ती माल तपासायला होती. पायपुसणी, सतरंज्या, सोफ्यावर टाकायची पांघरुणं. राजेंद्रनगरची खोली सोडून तिथेच एका घराच्या वरच्या मजल्यावर राहत होती. वडिलांना तिने सांगितलं होतं की आता घरून काही पाठवू नका, मी कोचिंगवाल्यांच्या उत्तरपत्रिका तपासून भागवते. तपासण्याचं काम करते एवढं त्यात खरं होतं.

"दादाला का नाही सांगितलंस?"

"आत्या, सांगू कशी? तिथे चर्चमध्ये दर रविवारी माझ्यासाठी प्रार्थना होते. पाळकसाहेब नाव घेऊन करतात. आजारी माणसांच्या यादीनंतर माझा नंबर." ती जरा हसली. "आणि त्यातून पानिपत. पप्पा म्हणतील, शेवटी पोरीचं पानिपतच झालं."

हे खरं होतं. दादा जालन्याजवळच्या एका तालुक्याच्या गावी शाळेत इतिहास शिकवायचा आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून त्याच्या दिवसाला दोनच खांब उरले होते, चर्च आणि मुलीची परीक्षा. पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना तिचा अभ्यासक्रम माहीत होता. या नाताळला तो पहिल्यांदाच आमच्याकडे यायचा होता.

मी भाचीला म्हटलं, "वीस तारखेला दादा येतोय. त्याच्या आत सांगून टाक. फोनवर सांग, पत्राने सांग, कसंही. पण तूच सांगायचंस."

"सांगते."

सोमवार, मंगळवार मी तांदळाचं पाणी बदललं. बुधवारी उपसून जेवणाच्या टेबलावर पंच्यावर पसरले. बाल्कनीत वाळवायची सोय नाही, डिसेंबरात इथल्या हवेत तासाभरात तांदळावर राखेची साय धरते. अर्धवट सुकल्यावर नवऱ्याने मिक्सरवर दळले, मी चाळले, गूळ घालून कुटले आणि गोळे दाबून स्टीलच्या डब्यात भरले. हे पीठ आंबायला वेळ द्यावा लागतो. लहानपणी आमच्याकडे आठ दिवसांत व्हायचं. इथल्या थंडीत पंधरा तरी लागतात.

दुसऱ्या रविवारी भाची शंकरपाळे करायला आली. वडिलांना अजून सांगितलं नव्हतं. कारखान्यात कंटेनर भरायची घाई आहे, फोन केला तर पप्पांना मागचे आवाज ऐकू येतील, असं म्हणाली. माझी लेक नववीत आहे. तिला सगळं एव्हाना कळलं होतं, कारण नऊशे चौरस फुटांत काही लपत नाही. ती म्हणाली, "ताई, व्हॉइस नोट टाक ना यार. टाक आणि फोन बंद कर. सिंपल."

"आणि पप्पा हार्ट अटॅकने गेले तर?"

"मामा नाही जाणार. मामा आधी शुद्धलेखन तपासेल."

तिसऱ्या रविवारी करंज्या चालू असताना दादाचाच फोन आला. माझे हात पिठाचे, म्हणून लेकीने स्पीकर लावला. गाडीचं तिकीट पक्कं झालं होतं. मग म्हणाला, "आणि हे बघ, सव्वीस तारखेला शुक्रवार आहे. तुझ्या ऑफिसात सुट्टी टाक. आपण पानिपतला जायचं. तेहेतीस वर्षं पोरांना पानिपत शिकवलं आणि एकदासुद्धा डोळ्यांनी पाहिलं नाही. लढाई झाली तिथला तो काला आंब बघायचाय मला. पोरीलाही घेऊ. तिलाही दिवसभर अभ्यासातून सुट्टी. तिथे आहे का ती?"

भाची कढईसमोर होती. "आहे पप्पा," म्हणाली.

"चौदा जानेवारी सतराशे एकसष्ट. पेपरात येतं हे. लक्षात ठेव."

"हो पप्पा."

फोन ठेवला तेव्हा कढईतल्या पाच करंज्या तपकिरी झाल्या होत्या. नवरा त्यातली एक उचलून म्हणाला, "चॉकलेट फ्लेवर." कोणी हसलं नाही, तरी त्याने ती खाल्ली. संध्याकाळी आम्ही गव्हाणी मांडली. गाय, गाढव, मेंढ्या, योसेफ, मरिया. बाळ चोवीस तारखेला ठेवायचं, तोपर्यंत ते साखरेच्या डब्यात असतं. आईही तिथेच ठेवायची. मुंग्या लागू नयेत म्हणून डबा घट्ट झाकलेला असतो आणि तो कोणी हरवत नाही.

एकोणीस तारखेला, शुक्रवारी, मी अनारशाच्या पिठाचा डबा उघडला. दोन आठवडे होऊनही पीठ आलं नव्हतं. आंबूस वास नाही, बोटाला मऊपणा नाही. रविवारी तळायचे होते. मला कामं वेळेत झालेली आवडतात. तेलाचा हीटर लावला आणि डबा त्याच्यासमोर दोन दिवसांसाठी ठेवून दिला. मग भाचीला फोन केला.

"दादा उद्या पोचतोय. सांगितलंस?"

"नाही."

"मग रविवारपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगते. तीन आठवडे झाले."

"आत्या, थोडा वेळ दे ना."

"वेळ दिलाच की."

"डब्यालासुद्धा हीटर लावलायस ना? ताईने फोटो पाठवला."

'ताई' ती माझ्या लेकीला चिडवायला म्हणते. मी म्हटलं, विषय बदलू नकोस, आणि फोन ठेवला.

शनिवारी धुक्यामुळे गाडी सहा तास उशिरा आली. दादा निजामुद्दीनला उतरला तो मफलर, माकडटोपी आणि एका हातात घट्ट धरलेली कापडी पिशवी घेऊन. पिशवी त्याने नवऱ्यालाही धरू दिली नाही.

रविवारी दुपारी भाचीसकट आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. आई गेल्यापासून अनारसे तळायला कोणी एक असा ठरलेला नव्हता, पण दादा आईच्या शेजारी उभा राहून वाढलेला. त्याने झारा मागून घेतला. लेकीने विचारलं झारा म्हणजे कोणता, तर भिंतीवर टांगलेला भोकांचा त्याने काढून तिच्या नाकासमोर धरला. मग डबा उघडला, पिठाचा गोळा चिमटीत दाबला. तो भुगा होऊन सांडला.

"हे कोणी भाजलं?"

"भाजलं नाही. हीटरजवळ ठेवलं होतं," मी म्हटलं.

"का?"

"थंडीने येत नव्हतं."

"थंडीने येत नव्हतं तर चार दिवस उशिरा आलं असतं. तुला कोणती गाडी पकडायची होती?"

तरी एक थापून बघितला. खसखशीवर थापला, तुपात सोडला, आणि तो सोडल्याबरोबर फुटून सगळ्या कढईभर पसरला.

"मामा, टूट गया," लेक म्हणाली.

"तुटला नाही. अनारसा फुटला की हसला म्हणतात. आपल्याला हसतोय तो." दादाने गॅस बंद केला. एक पिकलेलं केळं कुस्करून पिठात मळलं, गोळे पुन्हा दाबून भरले, डबा फ्रिजच्या मागच्या बाजूला ठेवला, हीटरपासून लांब. "बुधवारी बघू."

"बुधवारी ऑफिस आहे मला."

"मग ऑफिसातून आल्यावर बघू."

अशा रीतीने चौथ्या रविवारी दुपारी तीन वाजता घरातल्या पाच माणसांना काही काम उरलं नाही. दादाने हात धुतले, खोलीतून कापडी पिशवी आणली आणि आतली साडी काढून भाचीपुढे ठेवली. फिकट बदामी रंगाची, बारीक हिरव्या काठाची.

"आधीच घेऊन ठेवली," तो म्हणाला. "मुलाखतीला नेसायची. हातमागाची आहे. तिथे बसलेल्या लोकांना कळतं."

भाचीने साडी उचलली. आधी उलटी केली. मग काठ दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात सरकवत नेला, अंगठ्याच्या नखाने विणीवरून रेघ ओढली, पदराकडचं टोक नाकाजवळ नेलं. हे सगळं तिने आपण काय करतोय याचा विचार न करता केलं. मी सिंकपाशी होते, तिथून दिसत होतं.

"पप्पा, दुकानदाराने हातमागाची म्हणून दिली?"

"हो. का?"

"मशीनवरची आहे. हातमागाच्या काठाला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतात, कापड ताणून धरलेलं असतं ना तिथे. इथे बघा, एक नाही. आणि वीण सगळीकडे सारखी आहे. हाताने एवढी सारखी येत नाही."

दादा कौतुकाने हसला. "अरे वा! हे कुठल्या पेपरात येतं?"

मी नळ बंद केला.

"पेपरात नाही येत," ती म्हणाली. "मी हेच काम करते. पानिपतला."

"पानिपतला शुक्रवारी जायचंय."

"पप्पा, मी तिथेच राहते. जुलैपासून. राजेंद्रनगरची खोली सोडली. मी परीक्षा देणार नाहीये."

दादाने साडी आपल्याकडे ओढली आणि तिच्या मूळच्या घड्यांवर घडी घालायला लागला. साडीची घडी एकट्याने घालायला वेळ लागतो. कोणी मदत केली नाही. घडी झाल्यावर तो माझ्याकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"तीस तारखेपासून."

"आणि बोलली नाहीस."

"तिचं होतं ते सांगायचं."

"हं." मग भाचीला म्हणाला, "अगं, आज सकाळीसुद्धा चर्चच्या मंडळीने तुझ्यासाठी प्रार्थना केली असेल. मी इथे असलो तरी पाळकसाहेब विसरत नाहीत. प्रार्थना विनंती मागे कशी घेतात ते मला ठाऊक नाही."

भाची रडली. लेक तिच्याजवळ जाऊन बसली. मी कढईतलं तूप गाळून घेतलं. फुटलेला अनारसा तुपात तसाच राहिला तर पुढचं सगळं तूप करपतं.

सोमवारी भाचीला कामावर जायचं होतं, म्हणून ती त्याच संध्याकाळी निघून गेली. निघताना वाकून नमस्कार केला, दादाने डोक्यावर हात ठेवला. सोमवार, मंगळवार तो लागेल तेवढंच बोलत होता. सकाळी मास्क लावून खाली चार फेऱ्या मारायचा. नवऱ्याबरोबर बसून चांदणीतला मिणमिणणारा बल्ब बदलला. दिवसातून दोनदा डबा उघडून पीठ चिमटीत धरून बघायचा. मी माझ्या कामाला जात होते. माझा स्वभाव असा की दोन दिवस कोणी तोंड मिटून बसलं की मी ते उघडायला जाते. या वेळी गेले नाही. मंगळवारी जेवताना त्याने आपण होऊन विचारलं, "ती जेवते कुठे तिथे?"

"मेस आहे. रात्री स्वतः करते."

"पोळ्या येत नाहीत तिला."

"आता येतात म्हणे."

त्याने आणखी एक पोळी घेतली.

बुधवारी, चोवीस तारखेला, भाची अर्धा दिवस भरून दुपारी आली. मी पाचला घरी पोचले तेव्हा कढई चढलेली होती आणि दादा झारा घेऊन उभा होता. पीठ आलं होतं. पहिला अनारसा त्याने सोडला, चमच्याने वरून तूप उडवत राहिला. तो जाळीदार फुलला, अखंड राहिला. भाची थापून देत होती, तो तळत होता. दोघं एका ओट्याशी आणि कोणालाच कोणाकडे बघायची गरज नव्हती.

आठ-दहा झाल्यावर तो म्हणाला, "पण करतेस काय नेमकं?"

"माल भरायच्या आधी तपासते. प्रत्येक गठ्ठ्यातून काही नग काढायचे. मापं, शिवण, रंग. ओला रुमाल घासून रंग सुटतो का बघायचं. नापास झाला तर गठ्ठा अडवायचा."

"तू अडवतेस?"

"हो. ऑक्टोबरात अख्खा लॉट अडवला. लाल रंग जात होता. मालक ओरडला."

"तुझ्यावर?"

"सगळ्यांसमोर. म्हणाला, कल की लड़की मुझे सिखाएगी. आणि माल पाठवून दिला."

"मग?"

"तिकडून तक्रार आली. फोटोंसकट."

दादाने झाऱ्यातला अनारसा निथळत धरला. "तू आधी लेखी दिलं होतंस का?"

"दिलं होतं. तारखेसकट. एक प्रत माझ्याजवळ आहे."

"मग ठीक," तो म्हणाला. तेहेतीस वर्षं शाळेत काढलेला माणूस. "मग आता ओरडतो का?"

"आता माझी सही झाल्याशिवाय कंटेनर बंद करत नाही."

पुढचे दोन-तीन अनारसे त्याने तळून काढले. मग म्हणाला, "साडी परत करून टाकतो. दुकानदाराला सांगतो दोन शब्द."

"नको पप्पा. उद्या मी नेसणार आहे ती."

"मशीनची आहे."

"मशीनची असली म्हणून काय झालं? पोत चांगलाय. रंगपण जाणार नाही, मी बघितलंय."

जेवणाआधी लेकीने साखरेच्या डब्यातून बाळ काढून गव्हाणीत ठेवलं. आम्ही दोन गाणी म्हटली, नवऱ्याने लूकच्या शुभवर्तमानातलं वाचलं. दुसऱ्या दिवशी चर्चला भाची बदामी साडी नेसून आली. दुपारी मटण, भात, अनारसे. शेजारच्या तीन घरांत ताटं दिली. समोरच्या पंजाबी आजींनी अनारसा हातात धरून उलटासुलटा केला आणि विचारलं, "बेटा, ये छेद किसने किए?" खाऊन झाल्यावर आणखी दोन मागवले.

जेवणानंतर दादाने माझ्या लेकीला बोलावून आपला फोन तिच्या हातात दिला. मंडळीच्या प्रार्थना ग्रुपवर लिहायचं होतं, आणि त्याची बोटं मोठी पडतात. सगळ्यांसमोर त्याने सांगितलं, तिने टाइप केलं.

"मंडळीस सप्रेम सलाम आणि नाताळच्या शुभेच्छा. पूर्णविराम. माझ्या मुलीने यापुढे स्पर्धा परीक्षा न देण्याचे ठरवले आहे. ती पानिपत येथे कापडाच्या कारखान्यात मालाची तपासणी करते. तरी परीक्षेची प्रार्थना विनंती थांबवावी व तिच्या नोकरीबद्दल उपकारस्तुती करावी."

"मामा, इमोजी?"

"नको. वाचून दाखव."

तिने वाचून दाखवलं. त्याने 'तपासणी'च्या जागी 'गुणवत्ता तपासणी' करायला लावलं आणि पाठव म्हणाला. भाची खुर्चीत अवघडून बसली होती. थोड्या वेळात फोन वाजायला लागला. बहुतेक सगळ्यांनी आमेन लिहिलं होतं. एकाने नुसतंच 'पानिपत??' असं दोन प्रश्नचिन्हांसह विचारलं होतं. दादाने ते मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "याला मीच शिकवलंय. दहावीला. इतिहासात कच्चा होता."

भाची एवढी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शुक्रवारी, मी सहाला उठले. मी सुट्टी टाकली होती, भाचीला नव्हती. तिला साडेदहापर्यंत पोचायचं होतं, तेवढी सूट तिने मागून घेतली होती. धुकं होतं, पण पुढच्या गाडीचे दिवे दिसत होते. डबाभर अनारसे, दोन बाटल्या पाणी, दादाची माकडटोपी. सातला निघालो. नवरा आणि लेक झोपले होते.

वाटेत मुरथलला पराठे खायला थांबूया का, असं मी विचारलं. दादा म्हणाला, "नको, हिला उशीर होईल." पानिपत जवळ आलं तेव्हा मी पुन्हा विचारलं, आधी काला आंब की आधी कारखाना?

"आधी कारखाना. काला आंब कुठे जातोय."

कारखान्याच्या फाटकाशी मी गाडी थांबवली. भाची उतरून ओळखपत्र गळ्यात घालत आत गेली. दादा डबा घेऊन तिच्या मागे उतरला, तेव्हा पहारेकऱ्याने त्याला अडवलं आणि वही पुढे केली.

"किससे मिलना है, अंकल?"

"मिलना नहीं है. छोड़ने आया हूँ," दादा त्याच्या जालन्याच्या हिंदीत म्हणाला. "हमारी लड़की इधर माल तपासती है."

"अच्छा, मैडम के पापा! आइए, आइए. बस यहाँ लिख दीजिए."

दादाने खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि वहीत लिहायला लागला. नाव, गाव, वेळ, येण्याचं कारण. तो सगळे रकाने भरत होता. मागे मालाचा ट्रक येऊन हॉर्न वाजवत होता, म्हणून मी गाडी पुढे घेऊन भिंतीकडेला लावली, काच पुसली, आणि तो बाहेर येईपर्यंत ऑफिसच्या दोन मेलना उत्तरं दिली.